जुनी कार्ब्युरेटरवाली ८००: पीयूसीत एचसी जास्त येतोय, डिलको फिरवून टायमिंग मागे घ्यावं का?

घाटवाटा
लोकहो, सल्ला हवाय. गाडी १९९१ ची मारुती ८००, कार्ब्युरेटर आणि पॉइंटवाला डिलको (डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग; पॉइंट म्हणजे त्यातला करंट तोडणारा स्विच). मुक्काम सातारा. यंदा पासिंग आहे आणि पीयूसीशिवाय कागद पुढे सरकत नाहीत. काल गेलो, तर गाडी नापास. यंत्रावर आलेले आकडे असे:

सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.९ टक्के
एचसी (हायड्रोकार्बन) २२४० पीपीएम

आमच्या वयाच्या चारचाकीला, म्हणजे भारत स्टेज २ च्या आधीच्या, मर्यादा सीओ ३.० आणि एचसी १५०० आहे. म्हणजे सीओ निवांत पास आणि एचसी दणकून नापास.

फिटर म्हणतो, "डिलको थोडा मागं घेतो, पीयूसी काढून आणा, मग परत जागेवर आणून देतो." जमेलही. पण याआधी एकदा असंच टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे राहून गेलं होतं, तेव्हा खंबाटकी चढताना तापमानाचा काटा लालकडे सरकायचा आणि गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जायलाच तयार नव्हती. त्यामुळे मन धजत नाही.

बाकी लक्षणं: दिवाळीच्या आधी कार्ब्युरेटर खोलून नवं किट टाकलंय. तेव्हापासून स्लोवर (पाय न देता इंजिन चालू असताना) किंचित थरथर आहे आणि सिग्नलवरून उचलताना गाडी क्षणभर मान टाकते, मग पळते. ॲव्हरेज बरं आहे. धूर दिसत नाही. गाडी विकायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पहिला प्रतिसाद तोच येणार.

टिवल्याबावल्या
विकून टाका. (मी पयला!)

बरं, गंमत सोडा. पूर्वी पीयूसीवाला गाडी न बघताही कागद देत असे. आता नंबरप्लेटचा फोटो आणि यंत्राचे आकडे थेट वाहन पोर्टलवर जातात. तेव्हा गाडीच सुधारा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पीयूसी नसेल तर दंडाचा आकडा १०,००० पर्यंत जाऊ शकतो. तेवढ्यात तुमच्या ८०० चे चारही टायर येतील.

उष्णगतिकी
डिलकोला हात लावण्याआधी दोन आकडे नीट वाचू या. निम्मं निदान त्यातच आहे.

सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल. हवा कमी आणि पेट्रोल जास्त झालं की तो वाढतो. चोकची पाकळी पूर्ण उघडत नाही, एअर फिल्टर बुजलाय, फ्लोटची पातळी वर आहे, निडल व्हॉल्व्ह गळतोय, एअर स्क्रू (म्हणजे स्लोचं मिश्रण ठरवणारा स्क्रू) जास्त बाहेर आहे, ही त्याची नेहमीची कारणं. टायमिंग दहा अंश इकडचं तिकडे केलं तरी सीओ फारसा हलत नाही. ज्यांचा सीओ नापास होतो आणि जे डिलको फिरवत बसतात, त्यांचा दिवस वाया जातो.

एचसी म्हणजे न जळताच बाहेर आलेलं पेट्रोल. ठिणगी पडलीच नाही, कमकुवत पडली, चुकीच्या वेळी पडली, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, किंवा मिश्रण इतकं पातळ की आगच धरली नाही. सीओ बेताचा आणि एचसी मात्र भरमसाट, ही तुमची जोडी मला कार्ब्युरेटरच्या जेटपेक्षा ठिणगीकडे बोट दाखवताना दिसते.

आता फिटरचं म्हणणं. ते खोटं नाही. ठिणगी उशिरा पडली की आग उशिरापर्यंत चालते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा वायू जास्त तापलेले असतात. पिस्टन आणि सिलिंडरच्या फटीत, हेड गॅस्केटच्या कडेला जे थोडं पेट्रोल ज्वालेपासून लपून राहिलेलं असतं, ते बाहेर पडताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये जळून जातं. शिवाय टायमिंग मागे घेतल्यावर स्लो पडतो, तो वर आणायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो. मग आत हवा जास्त येते, मागच्या फेरीचा शिळा वायू कमी उरतो आणि आग चांगली धरते. म्हणून एचसी खरोखर उतरतो.

पण पिस्टन ढकलायची उष्णता सायलेन्सरकडे गेली, हेही तितकंच खरं. इंजिन तापणं, ओढ कमी होणं, पेट्रोल जास्त पिणं, आणि फार ताणलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळणं. खंबाटकीत तुम्ही ते अनुभवलंच आहे.

माझं मत: टायमिंग पुस्तकातल्या आकड्यावर आणा. आत्ता ते पुढे असेल तर मागे येईल आणि एचसीही उतरेल. आकड्यावरच असेल, तर आजार दुसरीकडे आहे.

सरळसोट
एवढं पुराण कशाला? माझ्याकडे १९८९ ची ओम्नी आहे. दर सहा महिन्यांनी पीयूसीच्या आधी डिलकोचा बोल्ट ढिला करतो, कानाने ऐकत थोडा फिरवतो, स्लो चढवतो, कागद घेतो, घरी येऊन परत फिरवतो. डिलकोवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवलीय. पाच मिनिटांचं काम. आपल्या पीयूसीत टायमिंग कोण तपासतं? स्लोवर नळी घालतात, सीओ आणि एचसी बघतात, झालं.

पाना१०_१२
सरळसोट दादा, पांढरी रेघ पॉइंट नवे असताना मारली का घासल्यावर? पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि गॅप कमी झाला की टायमिंग आपोआप मागं जातं. रेघ तिथंच राहते, टायमिंग राहत न्हाई. म्हणजे तुम्ही रेघेवर आणता तेव्हा कुठं आणता ते तुम्हालाच ठाऊक न्हाई.

घाटवाटा भाऊ, माझा उभा जन्म कोल्हापुरात उद्यमनगरात गाड्यांखाली गेला. आता गुडघे बोलतात म्हणून घरी बसून असले धागे वाचतो. माझं ऐका, डिलको सगळ्यात शेवटी. आजार बघितल्याशिवाय डिलको फिरवणं म्हणजे अंगारा लावून ताप उतरवणं.

पयला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या माथ्यावरचा गॅप. गॅप बारीक झालेला असला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत न्हाई आणि एचसी तिथूनच गळतो. मग एअर फिल्टर, मग चोकची केबल पूर्ण मोकळी होते का ते. मग तिन्ही प्लग काढून ओळीनं मांडा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते विसरू नका. तीनपैकी एकच काळा आणि ओला असला तर त्या सिलिंडरची वायर, प्लग न्हाईतर व्हॉल्व्ह बघायचा. तिन्ही सारखे असले तर रोग सामाईक आहे, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल न्हाईतर टायमिंग.

वायरी रात्री अंधारात बघा. इंजिन चालू करून बॉनेट उघडा. निळं काही चमकलं तर ती वायर बदला, बोट लावून खात्री करायला जाऊ नका.

मग डिलकोचं टोपण. आतून बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतोय, टोपण बदला. टोपणाखाली फिरतो त्या रोटरचा शाफ्ट धरून हलवा. बुश झिजलेला असला तर शाफ्ट डगडगतो, मग गॅप प्रत्येक सिलिंडरला निराळा पडतो आणि तुम्ही दिवसभर टायमिंग लावत बसला तरी ते लागत न्हाई.

आता पॉइंट. फिलर गेजनं गॅप लावा. या गाड्यांना साधारण ०.४ ते ०.५ मिलीमीटर असतो, तरी पुस्तकात बघा. सिगारेटच्या पाकिटातल्या कागदानं गॅप लावणारे फिटर मी बघितलेत, त्यांच्या गाड्या माझ्याकडं यायच्या. आणि हे लिहून ठेवा: गॅप वाढवला की टायमिंग पुढं जातं, कमी केला की मागं. म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर. उलटं केलं की दोन्ही चुकतं.

पद्मिनीची लेक
काका, वाचनखूण साठवली.

बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे, नाशिकला. पीयूसी कशीबशी पास होते पण एचसी दर खेपेला थोडा वर सरकतोय. टायमिंगचा दिवा, तो चमकणारा, माझ्याकडे नाही. त्याशिवाय टायमिंग लावता येतं का?

आणि दुसरं, ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आल्यापासून स्लो बिघडलाय असं मला वाटतं. हा मनाचा खेळ आहे की खरंच काही आहे?

पाना१०_१२
ताई, येतं की. चमकदिवा आमच्याकडंही फार उशिरा आला. साधा बारा व्होल्टचा बल्ब घ्या, इंडिकेटरचा चालतो, त्याला दोन वायरी जोडा. एक वायर डिलकोतून कॉइलला जाते त्या टोकाला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला. इंजिन बंद. प्लग काढून ठेवा म्हणजे हातानं फिरवायला हलकं जातं. पुलीचा नट पान्यानं फिरवत एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा. प्लगच्या भोकावर बोट ठेवलं की हवा ढकलते ते कळतं. पुलीवरची खूण पुस्तकात दिलेल्या अंशावर आणून थांबवा. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२, तेवढं ध्यानात असू द्या.

आता चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका. डिलकोचा क्लॅम्प ढिला करून रोटर ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेला डिलको थोडा फिरवा, बल्ब विझेल. मग उलट दिशेला हळूहळू फिरवत या. ज्या क्षणी बल्ब पेटतो तिथं पॉइंट उघडला, म्हणजे तिथंच ठिणगी. तिथंच क्लॅम्प आवळा. चावी उगाच ऑन ठेवू नका, कॉइल तापते.

रोटरच्या उलट दिशेला फिरवलं की टायमिंग पुढं, रोटरच्या दिशेला फिरवलं की मागं. हे कुठल्याही डिलकोला लागू. आणि डिलको एक अंश हलला की क्रँकवर दोन अंश होतात, म्हणून हात हलका ठेवा.

उष्णगतिकी
काकांची बल्बची पद्धत चोख आहे. एक पुरवणी. बल्ब फक्त थांबलेल्या इंजिनचं टायमिंग सांगतो. चालू इंजिनमध्ये डिलकोच्या आतली वजनं आरपीएमनुसार टायमिंग पुढे ढकलतात. ती गंजून अडकली असतील किंवा त्यांच्या स्प्रिंगा सैल पडल्या असतील, तर बल्बने सगळं बरोबर दिसूनही गाडी चुकीच्या टायमिंगवर पळेल. पडताळा घरी घेता येतो: टोपण काढून रोटर हाताने फिरवा, काही अंश फिरून तो आपसूक टणकन जागेवर परत यायला हवा. नुसताच ढिला फिरला किंवा हललाच नाही, तर डिलको खोलून साफ करावा लागेल.

ई२० बद्दल: मनाचा खेळ नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई२० ला १३.५ च्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला त्याचा पत्ताच नसतो, त्याचं जेट तेवढंच राहतं. मग मिश्रण पातळ होतं, सीओ उतरतो, आणि ते फारच पातळ झालं की एखादी फेरी पेटतच नाही, म्हणून एचसी चढतो. ताई, तुमच्या कागदांवर सीओ उतरत आणि एचसी चढत गेलेला दिसतोय का? तसं असेल तर एअर स्क्रू थोडा बाहेर काढून बघा, टायमिंगला हात लावू नका.

आणि जुन्या रबरी नळ्या, पंपाचा डायफ्रॅम, फ्लोट बाऊलचं वायसर, हे सगळं इथेनॉलपुढे टिकणारं घ्या. तडकलेली पेट्रोलची नळी गरम मॅनिफोल्डच्या वर लोंबत असते, त्यापुढे पीयूसीची काळजी क्षुल्लक आहे.

पद्मिनीची लेक
कागद काढून बघितले. अगदी तसंच आहे, सीओ उतरतोय आणि एचसी चढतोय! एअर स्क्रू बघते.

सॅनहोजेकर
इकडच्या अनुभवावरून थोडं.

कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक, म्हणजे इकडची पीयूसी, लागतो, त्याआधीच्यांना सूट आहे. माझ्याकडे १९८५ ची टोयोटा पिकअप आहे, तीही कार्ब्युरेटरवाली. इथे नुसत्या स्लोवर भागत नाही. गाडी रोलरवर चढवतात, भार देऊन ताशी १५ आणि २५ मैलांना चालवतात आणि एचसी, सीओ यांच्या जोडीला नायट्रोजनचे ऑक्साइडही मोजतात. आणि सरळसोट, इथे टायमिंग तपासतात. चमकदिवा लावून बघतात आणि कंपनीच्या आकड्यापासून तीन अंशांपेक्षा जास्त इकडेतिकडे असलं की गाडी नापास. तुमची पांढरी रेघ इकडे चालली नसती.

नायट्रोजनचे ऑक्साइड टायमिंग पुढे असलं की वाढतात, कारण सिलिंडरमध्ये तापमान चढतं. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या पीयूसीत ते मोजतच नाहीत. म्हणजे टायमिंग पुढे असल्याची अर्धी खूण तुमच्या यंत्राला दिसतच नाही, फक्त एचसीची दिसते.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. घाटवाटा, तुम्ही म्हणता कार्ब्युरेटर खोलल्यापासून स्लोवर थरथर आहे आणि उचलताना मान टाकते. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी, म्हणजे डिलकोच्या बशीसारख्या डबीला जाणारी, कार्ब्युरेटरच्या बाजूला नेमकी कुठे लावलीय?

ती थ्रॉटलच्या पाकळीच्या वरच्या बारीक भोकाला लागली पाहिजे. स्लोवर पाकळी बंद असते, ते भोक पाकळीच्या वर राहतं आणि तिथे ओढ (व्हॅक्यूम) नसते, म्हणून स्लोवर टायमिंग पुढे जात नाही. पाय दिला की भोक उघडं पडतं आणि टायमिंग पुढे जातं. पण किट टाकताना कुणी ती नळी चुकून इनटेक मॅनिफोल्डच्या नळीला लावली, तर स्लोवरच पूर्ण ओढ लागते, डबी टायमिंग दहा-पंधरा अंश पुढे खेचून ठेवते आणि एचसी चढतो. वर पाय दिला की ओढ एकदम पडते, टायमिंग मागे कोसळतं आणि गाडी क्षणभर मान टाकते.

इथे स्मॉग चेकला बॉनेट उघडून नळ्या जागेवर आहेत का ते डोळ्यांनी बघतात. त्यासाठी बॉनेटखाली एक लेबलच असतं, कुठली नळी कुठे जाते त्याच्या आकृतीसकट. कार्ब्युरेटरचं काम झाल्यावर पहिली चूक तिथेच होते, हे इथल्या मेकॅनिकांना पाठ आहे.

अवांतर: स्लोवर टायमिंग मागे ठेवायची ही युक्ती मुळात प्रदूषणासाठीच रूढ झाली. कॅलिफोर्नियाने १९६६ मॉडेलपासून एक्झॉस्टवर निर्बंध आणले, तेव्हा काही कंपन्यांनी हवेचा पंप लावला. क्रायस्लरने पंप टाळून 'क्लीनर एअर पॅकेज' आणलं, त्यात पातळ मिश्रण आणि स्लोवर मागे घेतलेलं टायमिंग होतं. तुमच्या फिटरने तीच युक्ती शोधलीय, फक्त क्रायस्लरने पळताना टायमिंग परत पुढे आणायची सोय ठेवली होती.

पाना१०_१२
सॅनहोजेकर, बरोबर बोट ठेवलंत. मीही हे विचारायला हवं होतं.

पडताळा सोपा आहे. इंजिन गरम, स्लोवर चालू. डबीकडची नळी उपसून बोट लावा. बोट ओढलं गेलं तर नळी चुकीच्या भोकाला आहे. न्हाई ओढलं तर पाय देऊन बघा, तेव्हा ओढायला पायजे. दोन्ही वेळा काहीच न्हाई म्हणजे नळी फाटलीय न्हाईतर भोक बुजलंय. आणि डबीच्या बाजूनं तोंडानं ओढून बघा, आतली प्लेट सरकली पायजे आणि ओढ धरून राहिली पायजे. सुटली तर डायफ्रॅम गेला.

आणि टायमिंग बघताना ही नळी उपसून, कार्ब्युरेटरकडचं टोक बुजवून बघायचं असतं. नळी तशीच ठेवून टायमिंग लावणारे खंडीभर आहेत.

घाटवाटा
दंडवत!

नळी मॅनिफोल्डलाच होती. स्लोवर बोट असं ओढलं की सुटेना. उपसल्याबरोबर इंजिन पडायला आलं, कारण फिटरने वाढलेला स्लो उतरवण्यासाठी थ्रॉटलचा स्क्रू पार बाहेर काढून ठेवला होता.

मित्राचा चमकदिवा आणला. क्लच हाउसिंगवरचं रबरी बूच काढून फ्लायव्हीलवरची खूण खडूने पांढरी केली, दिव्याची क्लिप एक नंबरच्या वायरवर. नळी उपसून, टोक बुजवून बघितलं तर मूळ टायमिंग पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जेमतेम दोन अंश पुढे. नळी मॅनिफोल्डला लावली की खूण बुचाच्या खिडकीतून पार दिसेनाशी! म्हणजे डिलकोचा काही गुन्हाच नव्हता.

मग काकांच्या क्रमाने गेलो. टॅपेट ठीक. प्लगांत तीन नंबरचा काळा आणि ओलसर, त्याची वायर अंधारात हेडच्या कडेला चमकताना दिसली. वायरी आणि प्लग नवे टाकले. पॉइंटचा गॅप थोडा जास्त होता, तो लावल्यावर ते दोन अंशही आपसूक परत आले, डिलकोचा बोल्ट उघडायची वेळच आली नाही. नळी योग्य भोकाला लावली, स्लो परत वर आणला, मग एअर स्क्रू.

एक प्रश्न आहे, पीयूसीला जाण्याआधी तसाच. नळी न बदलता मी फिटरचं ऐकून डिलको मागे घेतला असता, तर काय झालं असतं?

उष्णगतिकी
स्लोवर सगळं छान दिसलं असतं आणि पीयूसीही झाली असती. चुकीची नळी टायमिंग पुढे ओढतेय, डिलको मागे ढकलतोय, बेरीज जवळपास बरोबर.

पण घाटात थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डची ओढ जवळजवळ शून्यावर येते. डबी सोडून देते आणि उरतं फक्त तुम्ही मागे घेतलेलं मूळ टायमिंग. भर चढावर, सर्वांत जास्त भार असताना, ठिणगी दहा अंश उशिरा. दुसऱ्या गिअरवर रखडणारी गाडी आणि लालकडे गेलेला काटा, ते तुम्ही पाहिलंच आहे. यंत्र स्लोवर मोजतं आणि गाडी घाटात चालते, सगळा घोळ यातूनच होतो.

पीयूसीला जाताना गाडी पूर्ण गरम करून न्या, घरापासून चौकापर्यंत नेऊन उपयोग नाही. आठ-दहा किलोमीटर फिरवा. थंड इंजिनात चोक आणि थंड सिलिंडर मिळून दोन्ही आकडे चढवतात. रांगेत उभं राहून स्लोवर बराच वेळ गेला असेल, तर नळी घालण्याआधी अर्धा मिनिट थोडी रेस देऊन प्लग मोकळे करून घ्या.

टिवल्याबावल्या
आणि सायलेन्सरला भोक असेल तर बुजवू नका, बाहेरची हवा मिसळून आकडे कमी येतात. 😉

उष्णगतिकी
टिवल्याबावल्या, चार वायूंचं यंत्र असेल तर ते ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडही दाखवतं, त्यात हवा मिसळल्याचं लगेच कळतं. आणि तुमच्याच केबिनखाली फुटलेल्या सायलेन्सरमधून सीओ आत येतो, ही गंमत नाही.

सॅनहोजेकर
घाटवाटा, अजून एक. तुमची गाडी साताऱ्याची म्हणून हा विषय आला नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी: १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतली, धूर साफ करणारी डबी) लागू झाला. त्या काळातली मुंबईत नोंदलेली कार्ब्युरेटरची गाडी कुणाकडे असेल, तर वायर चमकत ठेवून ती चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. मग टायमिंग कितीही नीट लावलं तरी आकडे खाली येत नाहीत.

घाटवाटा
पीयूसी झाली. सीओ १.६, एचसी ७८०. फिटरला नळीचं दाखवलं, तर म्हणाला, "ती तशीच होती." असो. उचलताना मान टाकणंही गेलं.

सरळसोट
अभिनंदन. माझ्या ओम्नीची नळी बघितली, योग्य भोकाला आहे. एचसी मात्र मूळ टायमिंगवर १६०० च्या घरात जातो आणि मागे घेतल्यावर १२००. इंजिन म्हातारं आहे, कॉम्प्रेशन गेलंय, रिंगा बदलायला पंधरा-वीस हजार घालणार नाही. गाडी भाजी आणायला आणि देवळापर्यंत जाते, घाटात नाही. मी रेघेवरच चालवणार. मात्र पॉइंटच्या झिजेचं काकांचं पटलं, गॅप बघून नवी रेघ मारतो.

पाना१०_१२
सरळसोट दादा, मारा. पण रिंगांवर खापर फोडण्याआधी कॉम्प्रेशन गेज लावा, तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. मग प्रत्येक सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत बघा. आकडा वर उडाला तर रिंगा. न्हाई हलला तर व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्ह घासून बसवायला पंधरा हजार लागत न्हाईत.

पद्मिनीची लेक
एअर स्क्रू थोडा बाहेर काढल्यावर स्लो स्थिर झाला, बल्बची पद्धतही जमली! बल्ब पेटला तेव्हा मी एकटीच गॅरेजमध्ये ओरडले. आता शंका: पॉइंट फार लवकर जळतात, एका पॉइंटवर निळसर काळा डाग आणि दुसऱ्यावर टोक. नवे टाकले तरी तेच.

पाना१०_१२
ताई, तो कंडेन्सर. पॉइंट उघडताना ठिणगी तिथंच उडू नये म्हणून तो असतो. कमजोर झाला की पॉइंटमधलं धातू एका बाजूचं उडून दुसऱ्या बाजूला चिकटतं, तेच तुमचं टोक. बाजारात नवे मिळतात त्यातले बरेच हलके असतात, म्हणून जुना चांगला चालणारा कधी टाकून देऊ नका, डिकीत ठेवा. नाशिकला जुन्या डिलकोची कामं करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा आणि त्याच्याकडं तपासून घ्या. कंडेन्सर बदलल्यावर पॉइंट नवे टाका, गॅप लावा, आणि मग परत बल्ब. क्रम तोच.